इम्प्लांट बसवायचाय? आधी हाड बघा, मग दात

माझ्या आईची खालची कवळी अकरा वर्षं तोंडात कमी आणि डबीत जास्त राहिली. लग्नकार्याला जाताना घालायची, फोटो झाले की पदराआड काढून रुमालात गुंडाळायची, आणि घरी जेवताना भाकरी आमटीत कुस्करून तशीच गिळायची. वरची कवळी टाळूला चिकटून नीट बसते पण खालची जिभेबरोबर उड्या मारते, ही तक्रार घरोघरी आहे आणि बहुतेक जण वयाचं कारण देऊन गप्प बसतात. माझं स्वतःचं वेगळंच, खालची पहिली दाढ २०१४ ला काढली, मागचा दात कुणाला दिसतोय म्हणून आठ वर्षं तशीच ठेवली. २०२२ मध्ये आधी माझं आणि मग आईचं इम्प्लांटचं काम केलं, त्यात जे कळलं ते कुणीतरी आधी सांगितलं असतं तर पैसे, वेळ आणि आईचे हाल वाचले असते म्हणून हे सगळं लिहितेय. मी डॉक्टर नाही. पण दोन पेशंटांच्या मागे वर्ष-दीड वर्ष फिरलेय, आणि जे लिहितेय ते डॉक्टरांकडून नीट समजून घेतलंय.

हाड का जातं ते आधी समजून घ्या

दात हाडात रुतलेला असतो आणि चावताना प्रत्येक वेळी त्या हाडावर थोडा ताण येतो. तो ताण आहे तोवर हाड टिकतं. दात काढला की हाडाला काम उरत नाही आणि ते झिजायला लागतं, आणि सगळ्यात जास्त पहिल्या वर्षातच झिजतं. दाढेच्या जागेची रुंदी वर्षभरात जवळपास निम्मी होऊ शकते आणि त्यातला मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच जातो. वरच्या जबड्यात अजून एक भानगड, दाढेच्या वर सायनसची पोकळी असते आणि दाढ गेली की ती पोकळी हळूहळू खाली उतरते, म्हणजे हाड दोन्हीकडून कमी होतं. शिवाय बाजूचे दात रिकाम्या जागेत कलतात आणि समोरचा दात त्या जागेत उतरतो. माझी वरची दाढ एवढी खाली आली होती की शेवटी ती थोडी घासावी लागली, चांगला धडधाकट दात, माझ्या आळसामुळे घासावा लागला.

आणि कवळीने हाड टिकत नाही, उलट वरून दाब पडून अजून झिजतं. म्हणून अकरा वर्षांनी आईचा खालचा जबडा जवळजवळ सपाट झाला होता, कवळीला धरायला कडाच नव्हती.

इम्प्लांट म्हणजे दात नाही, मूळ आहे. टायटॅनियमचा छोटा स्क्रू, साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर जाड आणि आठ ते तेरा मिलिमीटर लांब, जो हाडात बसवतात आणि हाड त्याला चिकटून वाढतं. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५० च्या दशकात सशाच्या हाडात रक्ताभिसरण बघत होते, त्यासाठी बसवलेली टायटॅनियमची नळी काढायला गेले तर निघेना, हाडाशी एकजीव झालेली. त्यातून १९६५ ला त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले आणि ते त्याच्या मरणापर्यंत, चाळीस वर्षांहून जास्त टिकले. म्हणजे पद्धत जुनी, पारखलेली आहे. पण सगळा खेळ हाडाचा आहे, ब्रँडचा नंतर.

पहिली पायरी: औषधांची पिशवी आणि सवयी

दाताच्या डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन जा. तोंडी सांगू नका, पिशवी न्या. आईने बीपीची गोळी सांगितली, शुगरची सांगितली, आणि आठवड्यातून एकदा उपाशीपोटी घ्यायची "हाडाची गोळी" सांगितलीच नाही, तिच्या मते ती ताकदीची गोळी. हाडं ठिसूळ झाल्यावर देतात त्या ॲलेंड्रोनेटसारख्या गोळ्या, वर्षातून एकदा सलाईनमधून देतात ते औषध, सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन, या सगळ्यांमुळे क्वचित पण गंभीर प्रकार होतो, जबड्याचं हाड उघडं पडतं आणि भरतच नाही. कॅन्सरसाठी हीच औषधं मोठ्या डोसमध्ये चालू असतील तर धोका बराच जास्त. म्हणून औषध किती वर्षं चालू आहे ते डॉक्टरांना कळलंच पाहिजे. आणि हे वाचून घाबरून गोळी किंवा इंजेक्शन स्वतःच्या मनाने बंद करू नका, त्यातही धोका आहे, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तेच, ज्यांनी चालू केली त्यांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवायची नाही.

शुगर असेल तर ताजा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी, करून न्या. सातच्या आसपास असेल तर काम सहसा चालतं, आठच्या वर गेलं तर बहुतेक डॉक्टर आधी शुगर खाली आणा म्हणतात आणि ते बरोबर आहे, कारण जखमही उशिरा भरते आणि जंतुसंसर्गही लवकर होतो. जबड्याला रेडिएशन मिळालेलं असेल तर ते आवर्जून सांगा.

मग मिश्री, तंबाखू, सिगरेट. सिगरेट ओढणाऱ्यांचे इम्प्लांट फेल जायचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट धरतात, कारण हिरडीला आणि हाडाला रक्तच कमी पोचतं. आमच्याकडे साताऱ्याला सकाळची मिश्री ही दात घासण्याइतकी साधी गोष्ट, आईला ते व्यसन वाटतच नव्हतं, पण सुटायला दोन महिने लागले आणि ते दोन महिने आम्ही थांबलो. गुटखा-सुपारी खाणाऱ्यांना अजून एक अडचण, तोंडच पूर्ण उघडत नाही. आपली तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर मागच्या दाढेपर्यंत ड्रिल पोचणारच नाही, आणि तसं असेल तर इम्प्लांट राहू दे, आधी तोंडाची तपासणी करून घ्या.

हिरड्यांतून रक्त येत असेल, दात हलत असतील तर आधी त्याचे उपचार. ज्या आजाराने दात गेले तोच इम्प्लांटलाही खातो.

दुसरी पायरी: सीबीसीटी

इथे मी कुणाचं ऐकणार नाही. साध्या एक्सरेवर किंवा ओपीजीवर, म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दाखवणाऱ्या मोठ्या एक्सरेवर, उंची अंदाजे दिसते, रुंदी दिसत नाही. पहिल्या क्लिनिकमध्ये आईचा फक्त ओपीजी बघून वीस मिनिटांत खाली-वर मिळून आठ इम्प्लांटचा आकडा कागदावर लिहून दिला आणि आजच ॲडव्हान्स भरला तर डिस्काउंट म्हणाले. आई बाहेर येऊन म्हणाली, "अगं, एवढे पैसे घालून मला काय आता ऊस खायचाय?" आम्ही तिथून उठलो. दुसरीकडे डॉक्टरीणबाईंनी आधी थ्रीडी स्कॅन, म्हणजे सीबीसीटी करायला लावला, दोन-चार हजार रुपये लागतात, दोन मिनिटांचं काम, आणि मग स्क्रीनवर जबड्याचे काप काढून दाखवले.

बघताना तुम्ही काय विचारायचं तर रुंदी किती, उंची किती आणि नस कुठे आहे. रुंदीचं गणित सोपं आहे, ४ मिलिमीटरचा इम्प्लांट आणि दोन्ही बाजूंना किमान एक ते दीड मिलिमीटर हाड, म्हणजे सहा-सात मिलिमीटर हवी. माझी भरली साडेचार. बाजूच्या दातापासून दीड मिलिमीटर आणि दोन इम्प्लांटमध्ये तीन मिलिमीटर अंतर हवं. खालच्या जबड्यातून खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते, तिच्यापासून दोन मिलिमीटर लांब थांबायचं. ती नस दुखावली तर ओठ बधिर राहतो, कधी कधी कायमचा. हे आकडे पाठ करायची गरज नाही पण तुम्ही विचारलंत आणि डॉक्टरांनी स्क्रीनवर मोजून दाखवलं, तर माणूस योग्य आहे असं समजायला हरकत नाही.

तिसरी पायरी: नक्की काय बसवायचं

एकच दात गेलाय आणि बाजूचे दात चांगले आहेत तर एक इम्प्लांट सगळ्यात चांगला, कारण ब्रिजसाठी, म्हणजे बाजूच्या दातांवर टेकवून बसवलेल्या जोड-दातासाठी, बाजूचे दोन चांगले दात घासावे लागतात. बाजूच्या दातांना आधीच कॅप असेल तर ब्रिजही वाईट नाही, तेही सांगून ठेवते. तीन-चार दात सलग गेले असतील तर प्रत्येकाला वेगळा इम्प्लांट लागत नाही, दोन इम्प्लांटवर तीन-चार दातांचा ब्रिज बसतो. अजून जबडा वाढतोय अशा मुलांना बसवत नाहीत, अपघातात पुढचा दात गेलेल्या सतरा वर्षांच्या पोराला थोडं थांबावंच लागतं.

सगळेच दात गेले असतील तर लोकांना फक्त फिक्स दातांचंच सांगितलं जातं. फिक्समध्ये चार इम्प्लांटवर वरची किंवा खालची दातांची पूर्ण ओळ बसवायची पद्धत आहे, मागचे दोन तिरके घालतात म्हणजे सायनस किंवा नस टाळता येते, पोर्तुगालच्या पाउलो मालो यांनी १९९० च्या दशकात ती रूढ केली. चांगली आहे, पण महाग आहे. वरचं हाड अगदीच गेलेलं असेल तर गालाच्या हाडात जाणारे लांब इम्प्लांट असतात, ३० ते ५० मिलिमीटरचे, ते मात्र ज्यांनी बरेच केलेत अशा तोंडाच्या सर्जनकडेच करावेत.

पण खालची कवळी हलते एवढीच तक्रार असेल तर मधला मार्ग आहे आणि तो लोकांना माहीत नाही म्हणून मला फार वाईट वाटतं. दोन सुळ्यांच्या जागी फक्त दोन इम्प्लांट आणि त्यावर प्रेस बटणासारखी टक्कन बसणारी कवळी. नस हनुवटीच्या दोन्ही बाजूंना आधीच बाहेर पडते, त्यामुळे मधल्या भागात धोका कमी, आणि बाकी जबडा सपाट झाला तरी तिथलं हाड बहुतेक वेळा टिकून असतं, चांगलं घट्टही असतं. २००२ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी तर खालच्या दात नसलेल्या जबड्याला साधी कवळी नाही, दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय धरावा असं म्हटलं होतं. वीस वर्षांनीही आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांना हे कुणी सांगत नाही. आईला आम्ही हेच केलं, वरची कवळी तशीच ठेवली.

चौथी पायरी: पैसे आणि डॉक्टर

पुण्या-मुंबईत एका इम्प्लांटला कॅप धरून साधारण २५ ते ६० हजार लागतात, कंपनी आणि डॉक्टरप्रमाणे कमी-जास्त. कोटेशन लेखी घ्या आणि त्यात स्कॅन, हाड भरणं, मधला जोड म्हणजे अबटमेंट आणि वरची कॅप हे सगळं धरलंय का ते विचारा, कारण स्वस्त आकड्यात बहुतेक वेळा फक्त स्क्रू असतो. फेल गेला तर काय करणार, तेही आधीच विचारा. ऑपरेशन कोण करणार आणि दात कोण बनवणार? कंपनी कुठली, तिचे पार्ट दहा वर्षांनी मिळतील का? "लाइफटाइम वॉरंटी" म्हणजे नुसता स्क्रू परत मिळणार की मजुरीही? आरोग्य विमा सहसा यात काही देत नाही, अपघात सोडला तर, म्हणून पॉलिसी वाचूनच हिशेब करा.

बजेट कमी असेल तर डेंटल कॉलेजचा विचार जरूर करा. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलचं नायर आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय कॉलेजं आहेत. एमडीएस, म्हणजे डेंटिस्ट झाल्यावर पुढचं शिक्षण करणारे विद्यार्थी सरांच्या देखरेखीखाली काम करतात, खेपा जास्त होतात, वेळ लागतो, पण घाई नसते.

पाचवी पायरी: हाड कमी असेल तर

दात अजून काढायचाच असेल तर काढायच्या दिवशीच विचारा की खड्ड्यात हाडाची पावडर भरता येईल का, किंवा त्याच वेळी इम्प्लांट बसेल का. हा एक प्रश्न पुढची मोठी शस्त्रक्रिया वाचवू शकतो. आधीच झिजलं असेल तर हाड भरून वर पातळ पडदा घालून शिवतात आणि चार ते सहा महिने थांबतात. वरच्या दाढांना सायनसचा पडदा अलगद वर उचलून खाली हाड भरतात, त्याला सायनस लिफ्ट म्हणतात. मूळचं हाड पाचेक मिलिमीटर शिल्लक असेल तर इम्प्लांट बऱ्याचदा त्याच वेळी बसतो, नाहीतर सहा-नऊ महिने आधी थांबा.

आणि पावडर कशाची आहे ते विचारायला लाजू नका. जगभर सगळ्यात जास्त वापरली जाते ती गाय-बैलांच्या हाडापासून केलेली असते, प्रक्रिया करून फक्त खनिज भाग उरवलेला, आणि वरचा पडदाही बरेचदा डुकराच्या किंवा गुरांच्या कोलॅजनचा. वैद्यकीयदृष्ट्या त्यात काही वाईट नाही, रिझल्ट चांगले आहेत, पण आपल्याकडे कितीतरी घरांत हे नंतर कळलं तर माणूस मनातून दुखावतो. मला डॉक्टरांनी आपणहून सांगितलं नव्हतं, मी विचारलं म्हणून कळलं. पर्याय असतात, स्वतःच्याच जबड्याच्या मागच्या भागातलं हाड, कृत्रिम पावडर, किंवा दान मिळालेलं माणसाचं हाड, मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलची तर स्वतःची टिश्यू बँक आहे. मी कृत्रिम घेतलं आणि पाच महिने थांबले.

सहावी पायरी: ऑपरेशनचा दिवस

पोटभर नाश्ता करून जा, रोजच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्या, सोबत कुणीतरी असू द्या. दात काढताना देतात तशीच भूल, ती जागा सुन्न होते आणि एका इम्प्लांटला अर्धा-पाऊण तास लागतो. ड्रिल चालू असताना पाण्याचा फवारा सतत सुरू असतो, ते कंटाळवाणं वाटतं पण महत्त्वाचं आहे, हाड ४७ अंशांच्या वर मिनिटभर तापलं तरी ते मरतं आणि मेलेल्या हाडात स्क्रू धरत नाही. दुखणं दात काढण्यापेक्षा जास्त नव्हतं. आईला ६८ व्या वर्षी दोन्ही एकाच बैठकीत बसवले, घरी येऊन तिने स्वतःच चहा टाकला, आणि गार करून प्यायली.

पहिले २४ तास गालावर बाहेरून बर्फ, खळखळून चूळ नाही, थुंकत बसायचं नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या. खायला गार-कोमट पेज, मऊ भात-वरण, ताक, शिरा, उकडलेला बटाटा. गाल दोन-तीन दिवस सुजतो मग उतरतो. टाके सात-दहा दिवसांनी काढतात. सायनसचं काम झालं असेल तर दोन आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची.

ताबडतोब फोन करायचा तो कधी, हे फ्रिजवर लिहून लावा. भूल उतरायची वेळ गेली तरी खालचा ओठ किंवा हनुवटी बधिरच असेल तर सकाळची वाट बघू नका, त्याच दिवशी कळवा. रक्त थांबत नसेल, तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर सूज उतरायच्या ऐवजी वाढत असेल, ताप किंवा पू आला तरीही.

सातवी पायरी: थांबणं

ही सगळ्यात अवघड, कारण काहीच दुखत नसतं. पहिल्या दिवशी स्क्रू घट्ट असतो तो नुसता लाकडात खिळा बसावा तसा, मग आजूबाजूचं जुनं हाड थोडं विरघळतं आणि नवीन तयार होतं, आणि मधल्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास पकड सगळ्यात कमी असते. नेमकं तेव्हाच माणसाला वाटतं झालं बरं आता, आणि त्या बाजूने दाणे चावायला सुरुवात होते. खालच्या जबड्याला साधारण तीन महिने, वरच्याला हाड मऊ असल्याने चार ते सहा. आईची जुनी कवळी पहिले दोन आठवडे घालायचीच नव्हती, मग आतून कोरून मऊ अस्तर लावून दिली. "तीन दिवसांत दात" अशा जाहिराती दिसतात, काही पेशंटांना लगेच तात्पुरते दात देता येतात हे खरं आहे, पण पहिल्याच दिवशी स्क्रूची पकड पुरेशी भरली तरच, आणि ते स्क्रू बसवल्यावरच कळतं. आधीच हमी देणाऱ्याला एवढंच विचारा की पकड कमी भरली तर काय कराल.

मग हिरडी थोडी उघडून हीलिंग कॅप, म्हणजे हिरडीला आकार यावा म्हणून स्क्रूवर तात्पुरतं झाकण, लावतात, दोन-तीन आठवड्यांनी माप घेतात आणि दात येतो. कॅप स्क्रूची की सिमेंटची हे विचारा, जिथे शक्य तिथे स्क्रूची घ्या, कारण काही झालं तर उघडता येते आणि हिरडीखाली सिमेंट अडकून सूज येण्याचा प्रश्न राहत नाही. बसवल्यावर चावून बघा, तो दात बाकीच्यांच्या आधी टेकता कामा नये. आपल्या दाताच्या मुळाभोवती गादीसारखा पडदा असतो जो धक्का झेलतो, इम्प्लांटला तो नसतो, म्हणून रात्री दात खात असाल तर नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं प्लास्टिकचं कवच, लागतोच.

पुढची देखभाल

इम्प्लांट किडत नाही पण भोवतालची हिरडी सुजते, आणि लक्ष दिलं नाही तर खालचं हाड खाली-खाली जातं, तेही न दुखता. रोज दोनदा मऊ ब्रश, बाजूच्या फटीत बाटली घासायच्या ब्रशसारखा छोटा इंटरडेंटल ब्रश, सहा महिन्यांनी तपासणी, वर्षातून एक एक्सरे. घासताना रक्त आलं तर ते नॉर्मल नाही, दाखवा. नीट सांभाळले तर दहा वर्षांनंतरही शंभरातले पंच्याण्णवच्या आसपास इम्प्लांट जागेवर असतात.

डॉक्टरांकडून इम्प्लांटचं कार्ड मागून घ्या, त्यावर कंपनी, साइज आणि लॉट नंबरचा स्टिकर असतो. गाव बदललं, डॉक्टर बदलले, दहा वर्षांनी स्क्रू ढिला झाला तर त्या स्टिकरशिवाय कुठला पाना लागतो तेही कळत नाही. मी दोन्ही कार्डांचा फोटो फोनमध्ये आणि मूळ कार्डं आधारच्या फोल्डरमध्ये ठेवलीत.

आईची कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची असते, आणि बटणातले नायलॉनचे छोटे गोल झिजतात, ते वर्षाने बदलले, पाच मिनिटांचं काम. मागच्या संक्रांतीला तिने पहिल्यांदा कुणाला न विचारता तिळाची वडी तोंडात टाकली आणि चावली. गुळाची चिक्की मात्र अजून आम्ही तिच्यापासून लांबच ठेवतो.